पडद्यावरची कलाभेट आणि विद्यार्थ्यांची पूर्वतयारी : गंजिफाच्या निमित्ताने

२०२० सालच्या टाळेबंदीनंतर आपल्या लहानमोठ्या महाविद्यालयांतही व्हिडिओ कॉलद्वारे परदेशी वर्गाशी विद्यार्थ्यांची गाठ घालून देण्याचे उपक्रम होऊ लागले. त्यासाठी बहुधा कला हा विषय निवडला जातो. चित्राला भाषा लागत नाही, असे त्यामागचे गृहीतक असते. हे गृहीतक अर्धेच खरे आहे. चित्र पाहायला भाषा लागत नसेल. पण पाहिलेल्या चित्राविषयी दुसऱ्या माणसाशी बोलायचे तर लागते, आणि त्या बोलण्याची तयारी करून घ्यावी लागते. ती तयारी कशाची, याविषयी आमच्या वर्गाचा अनुभव प्रस्तुत लेखात मांडत आहे. तो यशाचा अहवाल नाही. पहिला प्रयत्न पूर्णपणे फसला होता, आणि जे काही शिकायला मिळाले ते बहुतांशी त्या फसण्यातूनच.

बेळगावातील आमच्या कम्युनिटी कॉलेजात शिवणकाम व भरतकामाचा अभ्यासक्रम आहे. वर्गात बावीस विद्यार्थी होते. अठरा मुली आणि चार मुलगे. घरी दखनी उर्दू, शाळेत मराठी, बाजारात कानडी आणि परीक्षेपुरती इंग्रजी, अशी बहुतेकांची भाषेची स्थिती. पलीकडे पोर्तुगालमधील एका व्यावसायिक शाळेचा आरेखनाचा वर्ग होता.

पहिली भेट जानेवारी २०२३ मध्ये झाली. महिनाभर आम्ही ‘भारतीय संस्कृती’ या विषयावर सादरीकरण तयार केले. ताजमहाल, मेंदी, बिर्याणी, भरतनाट्यम, हंपी; प्रत्येकी एक चित्र व चार इंग्रजी वाक्ये. मुलांनी वाक्ये तोंडपाठ केली. त्या बाजूनेही तेच आले : बेलेमचा मनोरा, निळ्या फरशा, फादोचे गाणे आणि अर्थातच रोनाल्डो. चाळीस मिनिटांत दोन्ही वर्गांनी एकमेकांना जे सांगितले ते कोणत्याही पर्यटनाच्या पुस्तिकेत सापडले असते. मग प्रश्नोत्तरे सुरू झाली. तिकडच्या एका मुलाने अत्यंत सभ्यपणे, पुढच्या बाकावरच्या आमच्या विद्यार्थिनीला विचारले, की डोक्यावर ओढणी घेणे तुम्हाला सक्तीचे आहे का?

वर्ग गप्प झाला. या प्रश्नावरून २०२२ साली कर्नाटकातल्या महाविद्यालयांत काय घडले ते वाचकांना सांगायला नको. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो आणि दोन मिनिटे काहीतरी समतोल बोललो. कॉल संपल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, मला उत्तर येत होतं की. इंग्रजीत जुळवेपर्यंत तुम्ही बोललात. आणि ते मला विचारत होते का सगळ्या मुलींना, तेच मला कळलं नाही.’’

तिच्या दुसऱ्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा दोष नव्हता. आम्हीच तिला ‘भारतीय संस्कृती’ म्हणून पडद्यासमोर बसवले होते. जो विद्यार्थी देशाचा किंवा समाजाचा प्रतिनिधी म्हणून बोलायला उभा राहतो, त्याला प्रश्नही देशाचे आणि समाजाचेच विचारले जातात. त्यांची उत्तरे अठरा वर्षांच्या मुलीने चाळीस सेकंदांत द्यावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. दुसऱ्या भेटीसाठी आम्ही एवढेच ठरवले, की विद्यार्थ्याच्या हातात एक वस्तू असेल आणि तो त्या वस्तूविषयी बोलेल.

वस्तूची निवड

बिदरीकाम, आरीकाम, गोव्यातल्या निळ्या फरशा, असे पर्याय समोर होते. फरशांचा मोह मोठा होता. ‘अझुलेजो’ हा पोर्तुगीज शब्द मुळात अरबी आहे आणि पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेत तशा फरशांची चित्रे आजही पाहता येतात. परंतु फरशी त्यांच्या घरात होती, आमच्या मुलांच्या घरात नव्हती. दोन्हीकडच्या घरांतल्या खणात सापडेल अशी वस्तू हवी होती. शेवटी पत्त्यांवर एकमत झाले, आणि पत्त्यांवरून गंजिफावर.

सुरुवात साध्या बावन्न पत्त्यांपासून केली. आपण बदाम म्हणतो त्याला पोर्तुगीज भाषेत ‘कोपस’, म्हणजे पेले, म्हणतात. पत्त्यावर पेला कुठेच नाही, लाल हृदय आहे. चौकटला ‘ओरोस’, म्हणजे सोने. इस्पिकला ‘एश्पादश’, म्हणजे तलवारी. किलवरला ‘पाउश’, म्हणजे काठ्या. चिन्हे बदलली, जुनी नावे राहिली. आपल्याकडेही तसेच आहे. किलवर हा शब्द मराठी कानाला काहीच सांगत नाही, पण डच भाषेत त्या चिन्हाला ‘क्लाव्हर’ म्हणतात. हृदयाच्या आकृतीला बदाम हे नाव मात्र आपले स्वतःचे.

पेले, सोने, तलवारी व काठ्या या चार जुन्या चिन्हांचा माग काढला की आपण कैरोच्या ममलूक सुलतानांच्या काळात जातो. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात ममलूक पत्त्यांचा एक जोड आहे, एल. ए. मायर या अभ्यासकाला तो १९३१ साली आढळला. त्यात चार रंग आहेत : पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. युरोपात पत्त्यांचे उल्लेख १३७०च्या दशकापासून मिळतात. तिथे पोलो कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून पोलोची काठी साधी काठी झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आपल्याकडचा गंजिफा याच मोठ्या कुळातला, पण त्याची वाट इराणकडून आली. १५२७ साली आपण सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचे बाबराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शाह हसनला त्याची आवड होती आणि त्याने तो मागितला होता. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त या खेळाचे तपशील दिले आहेत. पुढे रूढ झालेल्या मोगल गंजिफात आठ रंग व शहाण्णव पाने असतात. दख्खनेत व कोकणात दशावतारी गंजिफा घडला. त्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे एकशेवीस. आमच्यापासून आंबोली घाट उतरले की सावंतवाडी. तिथल्या चिताऱ्यांची ही कला जवळजवळ लोपली असता शिवरामराजे भोसले व सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस तिला पुन्हा उभे केले. तिथून काही गोल पाने आम्ही विकत आणली.

मोगल गंजिफाच्या आठ रंगांची नावे फळ्यावर लिहिली : ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. एरवी पाठ्यपुस्तकाची भाषा परकी वाटणारा आमचा वर्ग इथे एकदम जागा झाला, कारण निम्मे शब्द घरातले होते. ‘बरात’ म्हणताच सगळे हसले. पत्त्यावर लग्नाची वरात कशी? मग सांगावे लागले, की ही बरात म्हणजे खजिन्यावर काढलेला देयकाचा हुकूम, आणि जुन्या मराठी दफ्तरांतही ‘वरात’ हा शब्द याच अर्थाने येतो. ‘किमाश’ म्हणजे माल, कापडचोपड. शिवणकामाच्या वर्गाला आणखी काय हवे! सात मुलींनी किमाशच निवडला.

एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळले. शमशेर आणि एश्पादश दोन्ही तलवारी, सुर्ख आणि ओरोस दोन्ही सोने. यावरून ‘त्यांनी आमच्याकडून घेतले’ असे वाक्य मुलांच्या तोंडी लगेच येते. साम्य दिसणे वेगळे आणि वंशावळ सिद्ध होणे वेगळे, हे तिथेच थांबून समजावले. असा दावा पडद्यावर एकदा केला की पुढचा संवाद वादविवाद स्पर्धा होतो.

पालकांची हरकत

‘पत्ते’ हा शब्द घरी पोचताच दोन पालक भेटायला आले. एक चाचा स्वतः उत्तम कारागीर. त्यांचा प्रश्न सरळ होता. ‘‘मुलींना कॉलेजात पत्ते शिकवणार काय?’’ त्यांना मागासलेले ठरवून मोकळे होणे सोपे होते. परंतु जुगाराने बसलेली घरे त्यांनी पाहिली होती, मी फक्त ऐकली होती. त्यांच्यासमोर सावंतवाडीची पाने ठेवली. चिंचोक्याच्या खळीचा थर कसा देतात, वर खडूचा हात, मग रंग, पाठीवर लाख, हे सांगितले. त्यांनी एक पान नखाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, काम चांगले आहे. हरकत मात्र मागे घेतली नाही. शेवटी तडजोड अशी झाली : कॉलेजात डाव मांडायचा नाही, खेळाचे नियम कागदावर समजून घ्यायचे, आणि प्रत्येक पालकाला आधी लेखी कळवायचे. ही तडजोड आजही आम्ही पाळतो.

दुसरा प्रश्न चित्रांचा. मोगल गंजिफात प्रत्येक रंगात सिंहासनावरचा मीर आणि घोड्यावरचा वजीर असतो. दशावतारीत तर अवतारच. सजीवाची आकृती काढायला काही घरांतून नको म्हणतात. कोणाला आग्रह केला नाही, कोणाला अडवलेही नाही. एक ते दहा ही आकड्यांची पाने आहेतच, त्यांवर फक्त चिन्हे. ममलूक पत्त्यांत तर राजा आणि त्याचे नायब यांची चित्रेच नाहीत. वेलबुट्टीच्या नक्षीवर त्यांची पदे अक्षरांत लिहिलेली आहेत. हे समजल्यावर तीन मुलींनी आपापला मीर अक्षरांनी रंगवायचे ठरवले. एका मुलाने घोडा काढला, आणि तो वर्गात सर्वांत चांगला झाला.

पाहण्याचा सराव

खरी तयारी इथून सुरू झाली, आणि तिला सहा आठवडे लागले. आठवड्याला दोन तास.

दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात पान, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्याने वर्णन करायचे, दुसऱ्याने न पाहता काढायचे. विचारायला परवानगी आहे, वळून पाहायला नाही. पहिल्या दिवशी सगळी वर्णने ‘सुंदर फूल आहे, बाजूला डिझाईन आहे’ अशी होती आणि कागदावर काहीही उतरले नव्हते. मुले एकमेकांवर चिडली. तिसऱ्या तासाला एका मुलीने सांगितले, ‘‘कडेला साखळी टाका आहे असं समज, आत दोन बोटं सोडून बुट्टी, बुट्टीचं तोंड खाली, कोयरीसारखं, पण शेपूट वळलेलं नाही.’’ समोरच्या मुलीने ते पान जवळजवळ हुबेहूब काढले. आपल्याकडे शब्द नाहीत असे मुलांना वाटत होते. शब्द अड्ड्यावर होते, वर्गात आणायचे राहिले होते. काठ, जाळी, बुट्टा, कंगोरा, महिरप, पोत. या शब्दांची एक यादी भिंतीवर लावली आणि प्रत्येकाशेजारी साधे इंग्रजी वर्णन मुलांकडूनच लिहून घेतले. कोयरीला इंग्रजी शब्द शब्दकोशात सापडतो, पण ‘आंब्याच्या आकाराचे पान’ हे इंग्रजीत सांगितले तर पोर्तुगीज मुलाला ते लवकर कळते.

भाषेबाबत माझे मत आता पक्के आहे. विद्यार्थ्याने ज्या भाषेत पाहिले त्याच भाषेत बोलावे. शेजारी एकाने भाषांतर करावे. वेळ दुप्पट लागतो. पण पहिल्या भेटीतली ती ‘इंग्रजीत जुळवेपर्यंत’ची शांतता टळते. तिकडच्या मुलांचे इंग्रजीही फार सफाईदार नव्हते, हे आमच्या मुलांना कळले तेव्हा निम्मी भीती गेली. भाषांतर करणाऱ्यांची पाळी बदलत ठेवावी. नाहीतर इंग्रजी माध्यमातून आलेली दोन मुले सगळ्या वर्गाची मालक होतात.

कॅमेरा कुठे ठेवावा

पहिल्या भेटीत कॅमेरा चेहऱ्यांवर होता. दुसऱ्या वेळी मोबाईल दोन पुस्तकांच्या चवडींवर आडव्या ठेवलेल्या फळीच्या टोकाला बांधला, भिंग खाली टेबलाकडे. पडद्यावर फक्त हात, कागद, ब्रश आणि पान. काही मुलींना चेहरा दाखवायचा नव्हता म्हणून सुचलेला हा उपाय. तिकडच्या अध्यापकांनाही तो आवडला आणि त्यांनीही आपला कॅमेरा खाली वळवला. कुंचला कसा धरला आहे, रंग किती पातळ आहे, चूक झाली की बोट कुठे जाते, हे चेहऱ्यापेक्षा हात अधिक सांगतात. ज्यांना चेहरा दाखवून बोलायचे होते त्यांच्यासाठी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवली. चेहरा दाखवणे किंवा न दाखवणे हा निर्णय विद्यार्थ्याचा. तो आदल्या दिवशी विचारून घ्यावा, कॉल चालू असताना नाही.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात. लाखेचा हात दिलेले पान चकाकते, म्हणून ते खिडकीकडे किंचित तिरपे धरावे. शेजारी पांढरा कागद ठेवला तर रंग बरे दिसतात. बारीक रेघा पडद्यावर पुसल्या जातात. म्हणून चांगली छायाचित्रे आधी पाठवावीत आणि कॉलमध्ये फक्त कृती दाखवावी. पंखा बंद करावा. आपल्याला त्याची सवय असते, पलीकडे तो विमानासारखा ऐकू येतो. वाक्य संपल्यावर मनात तीनपर्यंत मोजून मगच पुढचे बोलावे. वीज गेली तर दुसऱ्या मोबाईलवर कोण, हे नावानिशी ठरलेले असावे.

वेळेने आम्हाला चांगलाच धडा दिला. दुसरी भेट २८ मार्च २०२३ला ठरली होती. जानेवारीत त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले अडीच होते, तेच आम्ही धरून चाललो. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. त्या वर्षी तो रविवार २६ तारखेला होता. आम्ही अडीचला बसलो तेव्हा त्यांचा तास संपला होता. रोजे चालू असताना मुले दुपारी थांबली होती, त्यांना तसेच घरी पाठवावे लागले. पुढे त्यांची ईस्टरची सुट्टी, मग आमची ईद, मग १० मेचे विधानसभेचे मतदान. भेट झाली ती मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन्हीकडचे वर्षाचे वेळापत्रक पहिल्याच दिवशी शेजारी ठेवले असते तर हे टळले असते.

कोणते प्रश्न, आणि एक अवघड प्रश्न

प्रत्येक विद्यार्थ्याने पाच प्रश्न लिहून आणायचे होते. ज्याचे उत्तर मोबाईलवर शोधून मिळते तो प्रश्न खोडायचा. ‘तुमचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ गेला. ‘तुमच्या घरी पत्ते कोण पिसतं?’ राहिला. ‘तुमच्या देशात’ ऐवजी ‘तुझ्या घरी’ असे लिहिले की प्रश्न आपोआप सुधारतो. उत्तर देताना ‘आम्ही लोक’ ऐवजी ‘मी’ म्हटले की उत्तरही. आणि न येणाऱ्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हे वाक्य तिन्ही भाषांत म्हणण्याचा सराव केला. हे हास्यास्पद वाटेल, पण आपल्या मुलांना वर्गात हे वाक्य उच्चारण्याची परवानगीच नसते.

या प्रश्नांत एका मुलाचा प्रश्न वेगळा होता. त्याने ग्रंथालयातून गोव्याच्या इतिहासावरचे पुस्तक वाचले होते. नोव्हेंबर १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि शहरातील मुसलमानांची कत्तल केली. राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच ती नमूद केली आहे. मुलाने लिहिले होते : ‘तुम्हाला याची शरम वाटते का?’

सहकाऱ्यांत मतभेद झाले. कलेच्या कार्यक्रमात हे कशाला, असे काहींचे म्हणणे. मला ते पटले नाही. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० ते १९६१ पर्यंत होती. त्या देशाच्या मुलांशी बेळगावच्या मुलांनी बोलताना ती साडेचारशे वर्षे नव्हतीच असे वागणे हेही एक प्रकारचे खोटे आहे. पण तो प्रश्न जसाच्या तसा विचारू देणे हे जानेवारीत आमच्या मुलीच्या बाबतीत जे झाले त्याचीच परतफेड ठरली असती. पाचशे वर्षांपूर्वीच्या सरदाराचे उत्तर सतरा वर्षांच्या मुलाने का द्यावे? हे मी त्याला असेच विचारले. तो दोन दिवस रुसला. मग स्वतःच प्रश्न बदलून आणला : ‘१५१० साली गोव्यात काय झाले, हे तू शाळेत कसे शिकलास?’ तो आम्ही त्यांच्या अध्यापकांना आठवडाभर आधी पाठवला. अवघड प्रश्न आधी कळवला म्हणून बोथट होत नाही. त्यामुळे समोरच्याला वाचून यायला वेळ मिळतो.

मेमधील भेट

आठ जोड्या, प्रत्येकी सहा मिनिटे. तिकडच्या मुलांनी आपले कुटुंब खेळते त्या ‘सुएका’ या खेळाची पाने नव्याने आरेखित केली होती. त्या खेळात आठ, नऊ, दहा काढून चाळीसच पाने ठेवतात आणि सत्ती राजापेक्षा मोठी. आमच्या मुलाने सांगितले, आमच्या मेंढीकोटमध्ये दश्शी महत्त्वाची. मग गंजिफाची गंमत : ताज, सफेद, शमशेर, गुलाम यांत वजिराखाली दहा मोठा, एक्का सर्वांत लहान, आणि चंग, सुर्ख, बरात, किमाश यांत उलटे, एक्का मोठा, दहा लहान. पोर्तुगीज मुलीने विचारले, मग तुमच्या रंगकामात ते दिसते का? म्हणजे किमाशचा एक्का दह्यापेक्षा अधिक सजवलेला आहे का? आमच्यापैकी कोणी हा विचारच केला नव्हता. ‘माहीत नाही, विचारून सांगते,’ हे वाक्य कामी आले. पुढच्या आठवड्यात मुली आपली पाने घेऊन बसल्या आणि दोघींनी किमाशचा एक्का पुन्हा रंगवला.

१५१०च्या प्रश्नाला एका मुलीने उत्तर दिले. तिला आठवत होता तो जहाजांचे मार्ग दाखवणारा नकाशा. शहरातल्या माणसांबद्दल वाचल्याचे आठवत नव्हते. आता या आठवड्यात वाचले, असे ती म्हणाली. तिच्या शेजारच्या मुलाने विचारले, तुम्ही आम्हाला दोष देता का? आमचा मुलगा म्हणाला, ‘‘नाही. तुम्हाला ठाऊक आहे काय, एवढंच बघायचं होतं.’’ दोन्हीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मी आणि त्यांचे अध्यापकही मुद्दाम गप्प राहिलो. मग पुढची जोडी आली.

शेवटच्या दहा मिनिटांत जानेवारीतली ती विद्यार्थिनी चेहरा दाखवून बोलायला आली. तिने किमाशचे पान कागदावर न काढता आरीकामात गोल कापडावर भरले होते. किती दिवस लागले, असे त्यांनी विचारले. अकरा, रोज दुपारच्या नमाजनंतर. मग एकाने विचारले, मागची बाजू दाखवशील का? भरतकाम करणाऱ्याला हा प्रश्न फार आवडत नाही. मागे गाठी असतात. ती हसली, मराठीत म्हणाली, ‘‘मागे सगळा गोंधळ आहे,’’ आणि कापड उलटे केले. भाषांतर होण्याआधीच तिकडची मुले हसली. कॅमेऱ्याजवळ येऊन त्यांनी गाठी मोजायचा प्रयत्न केला आणि तिने धागा कुठून सुरू केला ते बोटाने दाखवले. ओढणीचा प्रश्न या वेळी कोणी विचारला नाही. विचारला असता तर काय सांगायचे ते तिने ठरवून ठेवले होते; काय, ते मी विचारले नाही.

त्यानंतर दोन्ही वर्गांनी आपापल्या पानांचा एकेक संच टपालाने पाठवला. त्यांचा पंधरा दिवसांत आला. आमचा जकातीच्या कागदपत्रांत अडकला, कारण आम्ही वेष्टनावर ‘पत्ते’ असे लिहिले होते. ‘विद्यार्थ्यांची हस्तकला, विक्रीसाठी नाही’ असे लिहून दुसऱ्यांदा पाठवावा लागला. हे आधी लक्षात ठेवावे. आलेली पाने ग्रंथालयातील काचेच्या कपाटात आहेत. चाचा ती पाहायला एकदा येऊन गेले, आणि कागद फार पातळ वापरला आहे, असे त्यांचे मत पडले.